शेवरीला सोबत

सावली गेली त्या वेळी शेवरी बारा वर्षांची होती. दोघी चिंचिला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या दाट फरच्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या माद्या, पिल्लावस्थेपासून एकाच पिंजऱ्यात वाढल्या होत्या आणि एकाच लाकडी घरात अंगाला अंग लावून झोपत असत. त्यामुळे पुढच्या पंधरा दिवसांत शेवरीचे वजन ६१० ग्रॅमवरून ५८५ वर आले, तेव्हा ते सोबतीण गेल्याच्या दुःखानेच, असे मी मनाशी पक्के करून टाकले. नवी सोबत आणली की सगळे मार्गी लागेल, हे त्यापुढचे अनुमान होते, आणि त्याच रात्री मी पिल्ले कुठे मिळतील याची चौकशीही सुरू केली.

आमच्या पशुवैद्यांनी आधी मला थांबवले. चिंचिलाचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढत राहतात. उतारवयात दाढांची मुळे जबड्यात चुकीच्या दिशेने वाढू लागली, तर बाहेरून काही दिसण्याच्या कितीतरी आधी वजन घटू लागते. सोबतीण गेल्यावर वजन उतरले म्हणून त्याचे कारण दुःखच असले पाहिजे असे नाही, असे म्हणून त्यांनी तिच्या डोक्याचा एक्स-रे काढला. दाढा वयाच्या मानाने ठीक निघाल्या. जर दुखणे निघाले असते, तर दोन तरण्या जनावरांना तिच्या पुढ्यात नेऊन सोडण्याचा अर्थ काय झाला असता, याचा विचार मी आजही टाळते. डॉक्टर आणखी एक गोष्ट म्हणाले, ती त्या वेळी मला थोडी बोचली. अँडीजच्या डोंगरांत चिंचिला कळपाने राहतात हे खरे, पण प्रत्येक पाळीव चिंचिलाला सोबत हवीच असते असे नाही. आपल्याला तिचे एकटेपण बघवत नाही म्हणून आपण सोबत आणतो आहोत का, हे एकदा स्वतःला विचारा. मी विचारले. उत्तर अर्धे होय असेच आले, तरीही संध्याकाळी उठल्यावर सावलीच्या रिकाम्या फळीवर जाऊन बसण्याची तिची नवी सवय मला स्वस्थ बसू देईना.

एक आणायची की दोन, यावर मी बराच खल केला. पाळीव चिंचिला साधारण दहा ते पंधरा वर्षे जगतात, काही वीसपर्यंतही जातात. म्हणजे एकच पिल्लू आणले, तर दोन-चार वर्षांनी तेच पिल्लू एकटे पडणार आणि मी पुन्हा याच जागी येऊन उभी राहणार. शिवाय पिल्लाच्या अंगातली मस्ती एकट्या म्हाताऱ्या जनावराने का सोसावी? दोन असतील तर त्यांची धावपळ एकमेकींत जिरेल, हा माझा हिशेब होता. दोघी मिळून तिच्यावर उलटण्याचा धोका होताच, आणि तो धोका पत्करूनच मी पाच महिन्यांच्या दोन सख्ख्या बहिणी घेतल्या. एक पाठीवर मखमली काळी, ती काजळ. दुसरी पांढरी, अंगावर राखाडी डाग असलेली, ती ठिपकी. नराचा विचार केलाच नव्हता. नराचे खच्चीकरण केले तरी पुढचे काही आठवडे त्याला वेगळे ठेवावे लागते, आणि चुकून गर्भ राहिलाच, तर १११ दिवसांचे गरोदरपण बारा वर्षांच्या मादीच्या जिवावर बेतले असते. घरी आणण्याआधी दोन्ही पिल्लांचे लिंग मात्र डॉक्टरांकडून तपासून घेतले. चिंचिलाच्या मादीलाही लघवीच्या जागी ठसठशीत उंचवटा असतो आणि नवखा माणूस तिला हमखास नर समजतो. खरा फरक त्या उंचवट्याच्या आणि गुदद्वाराच्या मधल्या अंतरात असतो. मादीत ते जवळजवळ नसतेच, नरात ते स्पष्ट दिसते.

पहिले तीन आठवडे बहिणी घराच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत राहिल्या. आधी शेवरीचे सगळे करायचे, मग त्यांच्याकडे जायचे, तिथून निघाल्यावर हात धुवायचे आणि वरचा सदरा बदलायचा, असा क्रम मी काटेकोरपणे पाळला. विष्ठेच्या तपासणीत जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी किंवा इतर काही आढळले नाही. पण ठिपकीच्या नाकावर मुगाएवढी जागा केस गेलेली दिसली. नाक, डोळ्यांच्या कडा आणि पंजे ही गजकर्णाच्या बुरशीची आवडती ठिकाणे, आणि ही बुरशी माणसालाही लागते, म्हणून तेथले केस तपासणीसाठी पाठवले. त्याचा निकाल यायला दोन आठवडे गेले आणि तीन आठवड्यांचे विलगीकरण पाच आठवड्यांचे झाले. निकाल स्वच्छ आला; बाई पिंजऱ्याच्या गजांवर नाक घासत होत्या, इतकेच. त्या दोन आठवड्यांत मी फार वैतागले होते, हे कबूल करते.

मग पिंजरे एका खोलीत आले. दोन्हींमध्ये मी मोजून दहा सेंटिमीटर अंतर ठेवले, कारण चिंचिलाची एक खोड माहीत नसलेला माणूस इथेच पहिला फटका खातो. त्या गजांमधून एकमेकींची बोटे चावतात, आणि ती बोटे इतकी नाजूक असतात की एका चाव्यात तुटून पडू शकतात. पहिल्या संध्याकाळी शेवरी घराच्या दारातून अर्धी बाहेर आली, कान ताठ करून तिने दोन मिनिटे हुंगले, आणि मग कुत्र्याच्या पिल्लासारखा तिचा तो खरखरीत, एका लयीतला भुंकण्याचा आवाज सुरू झाला. बारा वर्षांत मी तो मोजून चार-पाच वेळा ऐकला असेल. ठिपकी मात्र गजांना चिकटून उभी राहिली, तिला वाटले आपले स्वागत चालले आहे. मी गवत घालायला दोन्ही पिंजऱ्यांच्या मध्ये वाकले, तेवढ्यात शेवरी मागच्या पायांवर उंच झाली, किंचित तिरकी झाली आणि तिने लघवीची पिचकारी मारली. नेम ठिपकीवर होता. लागली माझ्या गालावर आणि चष्म्यावर. चिंचिलाच्या माद्या हे अस्त्र राखून ठेवतात आणि त्यांचा नेम वाईट नसतो, मधे मी आले होते.

पुढचे तीन आठवडे वासांच्या देवाणघेवाणीत गेले. चिंचिलाच्या एकेका रोमछिद्रातून पन्नासच्या वर केस निघतात. इतक्या दाट फरला पाणी लागले तर ती आतून लवकर वाळत नाही, म्हणून या प्राण्याची आंघोळ बारीक ज्वालामुखी धुळीत लोळून होते. धुळीचे एकच भांडे मी आधी बहिणींना देई आणि त्यांचे लोळून झाले की तसेच शेवरीच्या पिंजऱ्यात ठेवी. विलगीकरणात हे करणे म्हणजे रोगाला आमंत्रण, पण आता तपासण्या झालेल्या होत्या. पहिल्या दिवशी तिने भांड्याच्या कडेला नाक लावले, पाठ फिरवली आणि भांड्यात आपल्या चार लेंड्या टाकून ती निघून गेली. चौथ्या दिवशी ती त्यात लोळली. त्यानंतर कुरतडायचे लाकडी तुकडे, मग झोपण्याची कापडे, आणि शेवटच्या आठवड्यात दिवसातून तासभर अख्ख्या पिंजऱ्यांचीच अदलाबदल केली. मी वाट एका खुणेची पाहत होते. एका दुपारी शेवरी आपले घर सोडून बहिणींच्या बाजूच्या गजांना पाठ टेकून झोपलेली दिसली. झोपेत पाठ देणे हे या प्राण्याकडून बरेच मोठे दान आहे, असा माझा समज आहे. मी अंतर पाच सेंटिमीटरवर आणले.

समोरासमोर पहिली भेट न्हाणीघरात ठरवली, कारण ती जागा कोणाचीच नव्हती. फरशी कोरडी पुसली, कमोडचे झाकण लावले, नळामागची फट कापडाने बुजवली, खोलीचे तापमान पाहिले. २५ अंशांच्या वर चिंचिलाला उष्माघाताचे भय असते आणि धावपळीत ते वाढते. हातात जाड मोजे, एका बाजूला टॉवेल आणि एक मोठी सुपडी. भांडणात हात घालायचा नाही, मध्ये सुपडी सरकवायची, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावले होते.

इथे माझी पहिली चूक झाली. दोघींना एकदम सामोरे जाणे शेवरीला जड जाईल, म्हणून मी पहिल्या दिवशी एकट्या काजळला नेले. भेट फारच सुरळीत झाली. शेवरीने तिला भिंतीकडेने दोन फेऱ्या पळवले, मागून तिच्यावर चढून आपण थोरली असल्याचे दाखवले, काजळ खाली बसून राहिली, आणि दहा मिनिटांनी दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यांत तोंड धुऊ लागल्या. माद्यांनी एकमेकींवर चढणे म्हणजे भांडण असे समजून लोक घाबरतात. ती मान ठरवण्याची रीत आहे आणि खालची चिंचिला पळून जाऊ शकत असेल तर त्यात पडू नये. आनंदाने मी काजळला परत तिच्या पिंजऱ्यात सोडले आणि ठिपकीने सख्ख्या बहिणीवर दात वाजवायला सुरुवात केली. काजळच्या अंगाला शेवरीचा वास येत होता. जन्मापासून एकत्र असलेली जोडी मी एका दुपारीत बिघडवते की काय, या धास्तीने ती रात्र गेली. सुदैवाने दोघींना एकत्र धूळ दिल्यावर ते निवळले, पण त्यानंतर मी बहिणींना कधीही वेगळे नेले नाही.

तिघींच्या भेटी रोज दुपारी होऊ लागल्या. त्या वेळी चिंचिला मुळात सुस्तावलेल्या असतात. त्यांचा खरा दिवस संध्याकाळी उजाडतो. दहा मिनिटांपासून सुरू करून मी अर्ध्या तासापर्यंत पोहोचले. दुसऱ्याच भेटीत ठिपकीने शेवरीच्या मागे लागून तिच्या कुल्ल्यावरची फर तोंडात धरली आणि शेवरी तिच्या तावडीतून सुटली ती केसांचा एक झुबका तिथेच सोडून. शेवरीच्या कापसासारखा तो झुबका हवेत तरंगत माझ्या मांडीवर येऊन बसला. शिकाऱ्याच्या तोंडात केस देऊन जीव वाचवण्याची ही या प्राण्याची उपजत युक्ती आहे, त्यात जखम होत नाही, केस काही महिन्यांत भरून येतात. हे सगळे ठाऊक असूनही ती उघडी पडलेली जागा पाहून माझ्या पोटात गोळा आला. पाठलाग, चढणे, चिडून ओरडणे, फरचे झुबके, एवढे मी चालू दिले. दोघी मागच्या पायांवर समोरासमोर उभ्या राहून दात वाजवू लागल्या की सुपडी मध्ये जाई. दोन जिवांचा एकच गरगर फिरणारा गोळा झाला, किंवा रक्ताचा थेंब दिसला, तर त्या दिवसाची भेट संपवायची असे ठरले होते.

या काळात एक उपाय मला पुन्हा पुन्हा सुचवला गेला: तिघींना एका अगदी छोट्या पेटीत तासन्‌तास दाटीने ठेवायचे, म्हणजे भांडायला जागाच उरत नाही आणि भीतीपोटी त्या एकमेकींना चिकटतात. काहींना तो फळला असेलही. मला तो पटला नाही. पेटीत तिघींच्या अंगाची उष्णता साठते, म्हाताऱ्या जनावराला ताणामुळे खाणे सोडायला वेळ लागत नाही, आणि चिंचिलाने बारा-चोवीस तास खाल्ले नाही तर आतडी मंदावून जिवाशी गाठ येते. शिवाय भीतीने चिकटलेल्या जनावराला मी सोबत कशी म्हणू?

दुसरी चूक याहून महागात पडली. आठ भेटी बऱ्या गेल्यावर मला घाई झाली. शेवरीचा मोठा पिंजरा पाण्याने आणि व्हिनेगरने धुतला, फळ्या घासल्या, आणि वास गेला म्हणजे मालकी गेली असे धरून तिघींना त्यात सोडले. फळ्या होत्या तिथेच होत्या, सावलीबरोबरचे ते लाकडी घर होते तिथेच होते, आणि त्या घराला दार एकच होते. पाचव्या मिनिटाला ठिपकी त्यात शिरली. शेवरी दारात येऊन उभी राहिली. पुढचे मी पाहू शकले नाही, फक्त ऐकले. घर उचलले तेव्हा ठिपकीच्या कानाच्या कडेला भाताच्या शिताएवढा तुकडा नव्हता आणि पांढऱ्या फरवर रक्त होते. इतके दिवस मी म्हातारीचे रक्षण करायला सुपडी घेऊन बसत होते. चावली ती म्हातारी होती.

कान लगेच सलाइनने धुतला, डॉक्टरांना दाखवला. टाके लागले नाहीत, आठवड्यात तो सुकला, कडेला खाच कायमची राहिली. पुढचे दहा दिवस पुन्हा शेजारी-शेजारी पिंजरे. त्या दहा दिवसांत मी शेवरीकडे नीट पाहिले, आणि तिला त्या दोघी नकोशा आहेत असे मला दिसले नाही. गजांपाशी ती त्यांच्याकडे पाठ करूनच झोपत होती. तिला नको होते ते आपल्या घरात कोणी शिरणे. मग मी पिंजराच नव्याने मांडला. जुने घर काढून टाकले. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी उघडी अशी तीन घरे ठेवली, म्हणजे कोणी कोंडीत सापडणार नाही. पाण्याच्या बाटल्या दोन, गवताच्या जाळ्या तीन. फिरते चाक काढले, कारण त्यासाठी हटकून भांडणे होतात. फळ्यांची उंची मात्र मी वेगळ्याच कारणाने बदलली होती: शेवरीला आता दीड-दोन फुटांची उडी जमत नव्हती, म्हणून खालच्या फळ्या वीतभर अंतरावर पायऱ्यांसारख्या लावल्या आणि वरच्या दूर ठेवल्या. त्याचा परिणाम माझ्या ध्यानीमनी नव्हता. खालचा अर्धा पिंजरा आपोआप शेवरीचा झाला, वरचा बहिणींचा, आणि ज्या गवताच्या जाळीपाशी दोन्ही सरहद्दी मिळत तिथेच काय ती कुरकुर उरली.

पहिल्या रात्री मी पिंजऱ्यासमोर सतरंजी टाकून आडवी झाले. झोप लागली नाही. अंधारात वरून उड्यांचे धपधप आवाज, खालून अधूनमधून नाराजीचे कण्हणे, दोनदा पाठलाग, एकदा भुंकणे. ठिपकीची एक सवय त्या रात्री कळली: ती फळीच्या कडेला बसते आणि तिची झुबकेदार शेपटी खाली लोंबते, नेमकी शेवरीच्या फळीवर, शेवरीच्या नाकासमोर. शेवरीने ती दातांत धरून ओढली, ठिपकी किंचाळून वर पळाली, आणि पाच मिनिटांनी शेपटी पुन्हा तिथेच. हे पहाटेपर्यंत चालले. रक्त नव्हते. सकाळी तिघींचे बारा पंजे, सहा कान आणि तीन शेपट्या तपासून मी चहा न घेताच झोपी गेले.

यानंतरचे काम वजनकाट्याचे होते. एकटी असताना शेवरीच्या लेंड्या मोजून, त्यांचा आकार पाहून तिची तब्येत कळे. तिघी एकत्र आल्यावर कोणाच्या लेंड्या कोणत्या हे सांगता येत नाही, त्यामुळे आजारपण लपायला जागा मिळते. म्हणून रोज संध्याकाळी एकाच वेळी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, एका भांड्यात बसवून वजन. ५८८, ५८१, ५७६, ५७२. चौथ्या दिवशी मी जेवणाच्या वेळी समोर बसून पाहिले तेव्हा कारण सापडले. शेवरी एक पेलेट, म्हणजे कोरड्या खाद्याची गोळी, दोन्ही हातांत धरून सावकाश, थांबत थांबत खाते. तेवढ्या वेळात काजळ स्वतःचे संपवून खाली येई आणि शेवरीच्या हातातला पेलेट अलगद काढून घेई. चावणे नाही, ओरडणे नाही. ठिपकीचा कान तोडणारी शेवरी रिकाम्या हातांकडे पाहत बसे. तिघींना तीन भांडी देऊन फरक पडला नाही, म्हणून आता जेवणाच्या वेळी शेवरीला वीस मिनिटे बाहेर काढून माझ्या शेजारी खाऊ घालते. दोन आठवड्यांत वजन ५९० वर आले, दोन महिन्यांनी ६०२ झाले.

काजळने तिला जिंकले, असे म्हणायला हरकत नाही. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी काजळ खालच्या फळीवर आली, मान खाली घालून शेवरीच्या हनुवटीखाली शिरली आणि थांबली. शेवरीने आधी पुढच्या एका पंजाने तिला दूर लोटले. काजळ पुन्हा शिरली. मग शेवरीने हनुवटी वर उचलली, डोळे अर्धे मिटले, आणि काजळ तिच्या मिश्यांच्या मुळाशी दातांच्या अगदी टोकांनी फर विंचरू लागली. तो बारीक कट-कट आवाज सावली गेल्यापासून मी ऐकला नव्हता.

ठिपकीचे तेवढे जमलेले नाही. शेवरी तिला सहन करते, एका जाळीतून गवत खाऊ देते, पण शेजारी झोपू देत नाही, आणि माझ्या मते पुढेही देणार नाही. दुसरा पिंजरा मी मोडलेला नाही. तो बाजूच्या खोलीत फळ्या आणि बाटलीसह उभा आहे, कारण म्हातारपणी एखाद्या आजाराने शेवरीचा वास बदलला किंवा अंगातली ताकद गेली, तर आज ठरलेली मानाची उतरंड एका दिवसात उलटू शकते. वजन आता रोज घेत नाही, आठवड्यातून दोनदा घेते. आज दुपारी पाहिले तेव्हा काजळ शेवरीला टेकून झोपली होती, ठिपकी वरच्या फळीच्या कडेला होती आणि तिची शेपटी खाली लोंबत होती. शेवरीने एक डोळा उघडला, शेपटी हुंगली, आणि तोंड दुसरीकडे वळवून ती पुन्हा झोपली.